नखाएवढा अडसर

आमच्या घरातील सुतारकामाचे टेबल माझ्या सासऱ्यांनी बनवलेले आहे आणि त्याला आजवर एकही खिळा लागलेला नाही. पुढेही लागणार नाही. हा नियम मी घातलेला असल्यामुळे त्यावर चर्चा होत नाही.

त्या दिवशी मात्र धाकट्याने तोंड उघडले. वाद्ये घडवणाऱ्या एका वाद्यकाराने त्याला आपल्याजवळचे लाकूड देऊन, वाद्याच्या पोटावर बसवायची फळी करायला सांगितली होती. पसंत पडली तर त्यांच्या कारखान्यात कायमची जागा. नाही तर पुन्हा लोकांच्या दारांच्या कड्या बसवत हिंडणे. फळी पुठ्ठ्याइतकी पातळ हवी होती. अशी फळी रंध्याखाली घेतली की पुढे पळते. तिला थोपवायला टेबलाच्या टोकाशी अडसर हवा, आणि तो फळीहून बुटका हवा, नाही तर रंध्याचे पाते त्याच्यावर आपटते.

"आई, एक पट्टी ठोकू दे ना. दोनच खिळे."

"नाही."

"बरं, चिकटवतो."

"आजोबांच्या टेबलाला डिंक? उद्या त्यांच्या फोटोला मिशा काढशील."

थोरल्याने लोखंडी पट्टी नुसतीच आडवी ठेवून पाहिली. ती फळीसकट कपाटाखाली गेली. सुनेने इस्त्री आणली. ती जागची हलेना, पण तिच्यापुढे फळी म्हणजे डोंगरापुढे चटई.

"या घरात जागची न हलणारी एकच वस्तू आहे," थोरला म्हणाला आणि त्याने माझ्याकडे पाहिले.

"वस्तू कोणाला म्हणतोस?" मी विचारले. मुद्दा मात्र बिनतोड होता.

मी टेबलाच्या टोकाशी स्टुलावर बसले, अंगठा काठाला खालून टेकवला आणि नखाचे टोक तेवढे वर ठेवले. धाकट्याने रंधा मारला. लांबलचक सालपट निघाले. फळी हलली नाही. मीही हलले नाही.

परंतु एकाच कोपऱ्यावर अडवलेली फळी आता गोल फिरू लागली. दुसऱ्या कोपऱ्याला दुसरे नख हवे होते. माझे दोन्ही मुलगे नखे खातात. सुनेची भांड्यांनी झिजलेली.

"माझ्या आईची आहेत," ती हलकेच म्हणाली.

विहीणबाई समोरच राहतात. मोठ्या खुर्चीवर कोणी बसायचे हे लग्नापासून न ठरल्यामुळे आम्ही दोघी एकमेकींच्या घरी आजतागायत उभ्याच असतो. त्या आल्या आणि मांडलेल्या दोन्ही स्टुलांकडे पाहू लागल्या.

"तुमचं स्टूल उंच आहे."

"घर माझं आहे."

"नख माझं आहे," त्या म्हणाल्या.

सुनेने त्यांच्या स्टुलावर वर्तमानपत्राच्या घड्या रचल्या, तेव्हा काम सुरू झाले. फळी उतरत गेली, तशी आमची नखे तिच्याहून वर दिसू लागली.

"आता दोघी जरा खाली व्हा," धाकटा म्हणाला.

"आधी त्यांना सांग."

"आधी तुम्ही. यजमानीण तुम्ही!"

रंधा नखांशी येऊन थबकला. पाते नखांवर अडखळले असते तर फळीवर ओरखडा उठला असता, आणि दुसरे लाकूड नव्हते. धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. मी सूतभर खाली झाले.

"खाली व्हायलाही मोठं मन लागतं," असे मी बोलून गेले. तिथेच सगळे बिनसले.

"आमच्याकडे ते पोत्यांनी पडलंय," विहीणबाई म्हणाल्या आणि दोन सूत खाली गेल्या. मग मी. मग त्या. आम्ही उतरू तसा धाकटा हात चालवून घेत होता. त्यांनी स्टूल सोडले. मी स्टूल ढकलून दिले.

"झाली! आई, झाली फळी, पुरे आता!" तो ओरडला. पण तोवर प्रश्न फळीचा राहिला नव्हता.

वाद्यकार फळी पाहायला आले, तेव्हा आम्ही दोघी टेबलाखाली पालथ्या होतो, हनुवट्या फरशीला टेकवून. त्यांनी फळीवर बोटाने टिचकी मारली, कान लावला, ती उजेडात धरली.

"सुरेख! अडसर कसला लावला होता?"

धाकट्याने खाली बोट दाखवले. वाद्यकार गुडघ्यांवर बसले आणि अदबीने म्हणाले, "मुलाला उद्यापासून पाठवा. घरच्या मोठ्या माणसाचा होकार मात्र हवा. तुमच्यात मोठं कोण?"

"त्या," विहीणबाई ताबडतोब म्हणाल्या.

"छे! मोठ्या त्याच," मी म्हणाले.

"मी कसली मोठी? मी तर यांच्या पायाची धूळ."

"आणि मी त्या धुळीखालची फरशी."

वाद्यकारांचे गुडघे कुरकुरू लागले. त्यांनी घड्याळ पाहिले, फळी टेबलावर ठेवली आणि ते उठू लागले. धाकट्याने मान वाकवून आत डोकावले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते.

"आई, कुणीतरी हो म्हणा गं!"

"मोठी मीच आहे," मी म्हणाले. "घेऊन जा त्याला."

फरशीला गाल टेकवून विहीणबाई प्रसन्न हसल्या. "हरलात!"

"हरले," मी मान्य केले, आणि बाहेर आल्यावर त्यांना उठायला हात मात्र दिला नाही.