चौदाव्या प्रश्नाचे उत्तर

मी एक जुना लिहायचा पॅड आहे. माझे कोपरे झिजले आहेत आणि चिमटाही सैल झाला आहे. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला आभार मानायचे आहेत.

कारखान्यात माझ्या डोक्यावर चिमटा ठोकला आणि मी आरोग्य पाहणी करणाऱ्या एका ताईंच्या हाती आलो. घरोघरी जायचे, दुखण्याखुपण्याची चौकशी करायची आणि कागदावर खुणा करायच्या, हे आमचे काम. ताई मला पावसात पदराखाली घेत. असा मालक नशिबानेच मिळतो.

कागदावर चौदावा प्रश्न होता: ‘घरासाठी सरकारी मदत मिळते का?’ एका चार मजली इमारतीत, अगदी चौथ्या मजल्यावर, शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत. भिंतींना ओल होती आणि त्यांची नात खोकून बेजार झाली होती. तो प्रश्न ऐकून मावशींनी मशीन थांबवले.

“मदत? छे. भाडं मी माझ्या कष्टानं भरते. कुणापुढे हात पसरला नाही कधी.”

ताईंनी ‘नाही’वर खूण केली. इमारतीत बहुतेकांनी हेच सांगितले.

कार्यालयात भलतेच निघाले. मदत देणाऱ्या खात्याच्या यादीत ही सगळी घरे होती. साहेब वैतागले. “लोक सरळ खोटं बोलतात. ही घरं वगळून टाका.”

मदत मिळणाऱ्या कोणत्या घरांची दुरुस्ती करायची, हे आमच्या पाहणीवरून ठरणार होते. घरे वगळली की ओल तशीच राहणार आणि ती पोर खोकतच राहणार.

ताई मला काखोटीला मारून पुन्हा मावशींकडे गेल्या.

“मावशी, दरवर्षी कुणी कमाईचा दाखला मागतं का?”

“मागतात की. कमाई घटली तर भाडंही कमी होतं. घरमालक भला माणूस आहे हो.”

“उरलेलं भाडं त्यांना सरकार देतं, मावशी. तीच ती मदत.”

मावशींचा चेहरा उतरला. “म्हणजे मी खोटं सांगितलं?”

“नाही हो. आम्हालाच नीट विचारता आलं नाही.”

मावशी मशीनवरून उठल्या. मग ताईंना थेट शेजारच्या दाराशी घेऊन गेल्या. “अगं, कमाईचा दाखला देतेस ना दरवर्षी? मग तसं सांग यांना. आणि ती ओलही दाखव.”

ताईंनी सगळी उत्तरे सुधारली, साहेबांनी घरे वगळली नाहीत आणि भिंती दुरुस्त झाल्या. पुढच्या कागदावर चौदावा प्रश्नही सोपा झाला. आता ताई उत्तरे टॅबवर लिहितात. मला त्यांनी मावशींच्या नातीला दिले. ती माझ्यावर कागद लावून चित्रे काढते.

मित्रांनो, कुणाचे उत्तर चुकले, तर त्याला खोटा ठरवण्याआधी आपला प्रश्न पुन्हा वाचून पाहा. त्या दिवशी ताई दुसऱ्यांदा चार जिने चढल्या, म्हणून आज ही पोर धाप न लागता तेच जिने धावत चढते.