कोपऱ्यातली तारीख

"अगं बाई, तारखेवर हात येतोय तुझा," म्हणत शुभांगीने वेदिकाला टीव्हीच्या काचेपासून सोडवून मांडीवर घेतलं. पोरीला यातलं काही ऐकू जात नाही हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तोंड बंद राहत नव्हतं.

टीव्हीला कॅमेऱ्याची वायर लावलेली होती आणि सतरंजीवर सात छोट्या कॅसेटी ओळीने मांडलेल्या. कानाच्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, "जुनं शूटिंग असेल तर बघा. कधी आवाजाला वळत होती का, की पहिल्यापासूनच नाही? पुढच्या वेळी येताना सांगा." गेल्या आठवड्यात मशीनवर तपासणी झाली होती. दोन्ही कान जवळजवळ बंद. "अडीच वर्षं म्हणजे फार उशीर झाला हो," डॉक्टर कागदावरून मान वर न काढता म्हणाले होते. "वर्षाच्या आत कानाला ऐकायचं मशीन लागलं असतं, तर आज चार शब्द बोलत असती."

कॅमेरा नवऱ्याने, महेशने, मस्कतहून आलेल्या मित्राकडून घेतला, तेव्हापासून शुभांगीचा एकच हट्ट. कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. दात कधी आला, पालथी कधी पडली, सगळं नोंदलेलं हवं. बी.एस्सी.ला बेडकाच्या अंड्यांची रोजची वही ठेवलेली बाई ती. "पोरीचा पंचनामा चाललाय का?" महेश चिडवायचा, पण बटण दाबायचा. आता ते त्याच्या बोटांच्या अंगवळणी पडलं होतं.

पहिली कॅसेट बारशाची. १३.४.९७. प्रतिभाआत्या पाळण्यात वाकून कानात नाव सांगत होती, "कुर्रर्र" करत होती, बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालत होत्या. पाळण्यातलं बाळ गाढ झोपलेलं. "केवढी शांत पोर!" असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. त्यात शुभांगीही होती. तिने ते तीनदा मागे नेऊन पाहिलं.

चौथ्या कॅसेटवर मात्र तिने कधीच न पाहिलेलं काहीतरी निघालं. १८.१.९८, सकाळचे ११ वाजून २० मिनिटं. त्या रविवारी ती नामपूरला होती, भाच्याच्या बोरन्हाणाला. वेदिकाला खोकला होता, म्हणून सासूबाईंनीच ठेवून घेतलं होतं. "जा तू निवांत. मी हाय ना."

पडद्यावर मखमलाबादच्या मळ्यातलं अंगण. गुलाबाच्या पाट्या, गोधडीवर लाल स्वेटरातली वेदिका, एकेक पाकळी चिमटीत धरणारी. तिच्या मागे सासूबाई, धोंडाबाई, हातात ताट आणि लाटणं.

ठण्ण!

दारातलं कुत्रं दचकून पळालं. वेदिका पाकळीच बघत होती.

"आई, परत वाजव. जरा जवळून." कॅमेऱ्यामागे महेशचा आवाज.

ठण्ण! ठण्ण!

वेदिकाने दुसरी पाकळी उचलली.

"बास रं," धोंडाबाई म्हणाल्या. "दिसतंय ना."

"म्हणजे शुभांगी म्हणते ते..."

"तिला काय बी सांगू नको. ती लगेच दवाखाने पालथे घालील, गावभर व्हईल. प्रतिभाला बघायला सिन्नरचे पावणे यायचेत. घरात असं पोर हाय म्हटल्यावर कोण सोयरीक करंल? जमू दे आधी."

कोपऱ्यातले सेकंद सरकत होते. सतरा, अठरा, एकोणीस.

"बरं," महेश म्हणाला.

चित्र कललं, त्याच्या चपला दिसल्या आणि पडदा निळा झाला.

शुभांगीने कॅमेरा थांबवला. त्यानंतरच्या होळीला तिने वेदिकाच्या पाठीमागे वाटी-चमचा वाजवला होता, तेव्हा महेश हसला होता. "तुला ना, काहीतरी शोधायचंच असतं." सासूबाईंनी महेशही तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नाही, हे शेजारणींना बोलावून सांगितलं होतं. मे महिन्यात प्रतिभाचं लग्न लागलं, तिचा पाळणाही हलला. शुभांगी आपल्याच डोक्यात काही बिघाड आहे का, या विचाराने कुढत राहिली. तिने त्या जानेवारीपासून आजपर्यंतचे महिने बोटांवर मोजले. बावीस.

महेश दुपारी फुलबाजारातून आला. तिने कॅसेट मागे नेली आणि लावली.

पहिल्या 'ठण्ण'लाच त्याचा चेहरा उतरला. "अगं, त्यातली तारीख चुकते. सेल उतरला की काहीही दाखवतं."

"हा स्वेटर मी संक्रांतीला पुरा केला. होळीला तो तिच्या डोक्यातून जात नव्हता. तारीख बरोबर आहे."

तो खाटेवर बसला. "मला वाटलं होतं, वळेल ती. मग तुला दाखवीन, म्हणजे तू गप्प बसशील."

"नाही वळली. मग ते शूटिंग पुसलं का नाहीत?"

तो टॉवेलाची दशी ओढत राहिला.

धोंडाबाई उंबऱ्यातूनच बोलल्या, "त्याला काय बोलती? मी सांगितलं व्हतं. नणंद तुझीच ना? तिचं मोडलं असतं तर बरं वाटलं असतं? अन् मी काय हातावर हात ठिवून बसले? त्र्यंबकला नवस बोलले व्हते पोरीसाठी."

"देवाला बोललात आई. मला नाही बोललात."

"लग्नानंतर सांगणारच होतो," महेश पुटपुटला. "मग सांगायचं तर... इतके दिवस का नाही सांगितलं, हेही सांगावं लागलं असतं."

एवढं मात्र तो खरं बोलला, असं तिला वाटलं. त्यानेच जास्त दुखलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिघं एका बाकावर बसले, वेदिका मध्ये. आत गेल्यावर डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "हं. हिला ऐकू येत नाही, हे प्रथम कधी लक्षात आलं?"

महेशने सवयीने शुभांगीकडे पाहिलं. पोरीचं वजन, ताप, लशी, सगळ्याची उत्तरं आजवर तीच देत आली होती.

शुभांगीने वेदिकाला मांडीवर नीट बसवलं. तिच्या झग्याचं मागचं बटण लावलं.

"यांना विचारा डॉक्टर," ती म्हणाली. "आधी यांना कळलं."

पेन कागदावर थांबलं. महेशचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि वेदिका मान वर करून, डोळ्यांची पापणीही न हलवता, बापाच्या ओठांकडे बघत राहिली.