उणे चाळीस

"उणे चाळीस!" स्कॅनरचा पडदा नर्सबाईंसमोर धरत ती म्हणाली. "तुमच्या गाडीच्या मते आपण सगळे आत्ता गोठून मेलोय."

नर्सबाईंनी रुमालाने मानेवरचा घाम टिपला. "इथे जीव उकडून चाललाय, आणि हिला थंडी?"

"तेच तर. इंजिनात शिरणारी हवा किती गरम आहे, हे एक सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो. कॉम्प्युटर बिचारा कडाक्याची थंडी समजून पेट्रोल ओततोय. म्हणून काळा धूर, म्हणून गाडी वाटेत मान टाकते."

"हे मला दोन गॅरेजांनी सांगून झालं. दोघांनीही सेन्सर बदलला. आता कंपनीवाले म्हणतात कॉम्प्युटरच बदला." नर्सबाई बाकावर टेकल्या. "काल एका आजोबांचं ड्रेसिंग राहिलं. अंथरुणाला खिळलेत, माझी वाट बघत बसले. आज साडेतीनला जायचंय. तोवर झालं तर ठीक, नाहीतर उद्या गाडी कंपनीत."

"होईल," ती म्हणाली. म्हटल्यावर मग तिच्या लक्षात आलं की आपण शब्द देऊन बसलो.

गल्लीत तिला मीटरबाई म्हणत. मीटर लावल्याशिवाय साधा स्क्रूही ही सोडवत नाही, अशी थट्टा होती ती. गॅरेज तिच्या बाबांचं. वर्ष झालं, ते दाराजवळच्या खुर्चीत बसून असत आणि काम ती बघे. तरी येणारा प्रत्येक जण तिच्या डोक्यावरून आत डोकावून विचारी, मिस्त्री कुठेत? ही गाडी हात हलवत परत गेली, तर मिस्त्री होते तोवर गॅरेज होतं, असं गल्ली म्हणणार आणि गिऱ्हाईक कंपनीची वाट धरणार. तिला ते होऊ द्यायचं नव्हतं.

तिने सेन्सरचा प्लग काढला आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा अडकवला. वायरिंग धड असेल, तर आकडा एकदम आकाशाला भिडायला हवा होता. तो उणे चाळीसवरून हलला नाही.

"सेन्सर निर्दोष आहे, सिस्टर. दोन्ही वेळा उगाच बदलला. त्याचं म्हणणं कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाहीये."

"म्हणजे कॉम्प्युटरच गेला असेल," खुर्चीतून बाबा म्हणाले. "जाऊ दे ना ती कंपनीत. कशाला जीव काढतेस?"

तिने चमकून मागे पाहिलं. जन्मभर "आधी वायर बघ" म्हणून सगळ्यांचं डोकं खाल्लेला हा माणूस! बाबा रस्त्याकडे बघत होते.

ती पुन्हा बॉनेटखाली वाकली. प्लगच्या एका टोकाला पाच व्होल्ट नीट येत होते. म्हणजे कॉम्प्युटर जिवंत होता आणि विचारतही होता. दुसऱ्या टोकाची वायर, जी परत जाऊन फेरा पुरा करते, ती मुकी होती. मीटरचं एक टोक त्या वायरला आणि दुसरं थेट कॉम्प्युटरच्या प्लगला लावून ती वायर वीतवीतभर हलवत निघाली. फिल्टरजवळ काही नाही. कोपऱ्यावर काही नाही. बॅटरीच्या मागे बोटं घालून ओढलं आणि मीटर पीं करून ओरडला. सोडलं, की गप्प.

"सापडली!" तिचा जीव भांड्यात पडला. "बॅटरीमागे तुटलीय."

"ते वायरींचं वेटोळं उघडू नकोस," बाबा म्हणाले. "जुनं आहे. चिरलं की दुसऱ्या दहा वायरी जातील."

"बघते तरी."

"अगं, नको म्हणतोय ना!"

बाबा ओरडले तसे नर्सबाईही दचकल्या. घड्याळात पावणेतीन झाले होते. तिने बॅटरी उचलून बाजूला ठेवली आणि वेटोळं उघडलं.

आतल्या वायरीवर काळी टेप होती, आणि टेपचं टोक मेणाच्या दोऱ्याने बांधलेलं होतं. गरमीने टेपचं टोक सुटतं म्हणून असा दोरा बांधणारा माणूस या गावात एकच होता. मागल्या वर्षी ती बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा नर्सबाईंची बॅटरी बदलली होती ती बाबांनीच. बॅटरी आवळायच्या पट्टीखाली सापडून तुटलेली वायर त्यांनी जोडली असणार. तिने ब्लेडने दोरा कापला आणि टेप सोडवली. आत तांब्याची दोन टोकं नुसती एकमेकांना पिळलेली होती, हिरवी पडलेली, ढिली. जोड पक्का करणाऱ्या सोल्डरचा थेंबसुद्धा नव्हता.

तिला आधी राग आला. चौदा वर्षांची असताना याच माणसाने तिचे चाळीस जॉइंट रडवून उसवायला लावले होते, का, तर सोल्डर केले नव्हते. मग तिला बाबांनी हल्ली दोन हातांनी धरलेला चहाचा कप आठवला. "सोल्डरचा धूर सोसत नाही गं" हे वर्षभर ऐकलेलं वाक्य आठवलं. धूर कसला! हात कापत होता, आणि घरात त्यांनी ब्रसुद्धा काढला नव्हता. आपण मात्र रोज शेजारी बसून मीटरचे आकडे वाचत राहिलो!

तिने टोकं खरडून बोटांनी घट्ट पिळली, काढलेले प्लग परत बसवले आणि बॅटरी तात्पुरती जोडून किल्ली फिरवली. पडद्यावर आकडा उडी मारून छत्तीसवर आला.

"छत्तीस!" नर्सबाई टाळी वाजवून उठल्याच. "शाब्बास! काय झालं होतं गं?"

टेपचा तुकडा तिने मुठीत दडवला. "काही नाही सिस्टर, उंदराने…"

"उंदीर नव्हे," मागून आवाज आला. बाबा खुर्चीतून उठून गाडीपाशी आले होते. "मी. कच्चा जॉइंट ठेवला. हात धड चालत नव्हता आणि सांगायची लाज वाटली. तुमचे दोन सेन्सर फुकट गेले, ते आजोबा ताटकळले, सगळं माझ्यामुळे."

नर्सबाईंनी त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि पालथा करून पाहिला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं की ते नाव ठेवतील त्याला."

"ठेवू देत. नाव असलं की औषध देता येतं. उद्या सकाळी नऊला मी न्यायला येते, याच गाडीतून. तयार राहा."

बाबांनी मान डोलावली. मग ते लेकीकडे वळले. "नुसतं पिळून सोडू नकोस."

"नाही सोडत. पण बॅटरीमागे काळोख आहे, बाबा. दिवा धरा."

त्यांनी हातदिवा दोन्ही मुठींत धरला आणि बॉनेटखाली वाकले. उजेड वायरीवर ठरेना. कधी डावीकडे सरके, कधी तिच्या बोटांवर येई. "नीट धरा" असं ती म्हणाली नाही. तापलेलं सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन ती उजेड जॉइंटवर येईपर्यंत थांबे, तेवढ्यात टेकवी, आणि पुन्हा थांबे.