मेणबत्तीची बरणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, बेसिनच्या वरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. माझ्या नशिबी ना साखर आली, ना बिस्किटं. माझ्या नशिबी आले जंतू.

छातीच्या आजारातले काही जंतू फार चोखंदळ असतात. त्यांना रक्त घालून शिजवलेल्या खाद्याची तपकिरी प्लेट लागते आणि हवाही जरा कोंदट लागते. म्हणून प्रयोगशाळेतल्या ताई खोकल्याच्या नमुन्यांच्या प्लेटा माझ्यात रचत, वर एक मेणबत्ती पेटवून ठेवत आणि झाकण घट्ट लावून मला उबेच्या पेटीत ठेवत. ज्योत थोडा वेळ धडपडे आणि विझे. ती विझली की आतली हवा हवी तशी कोंदट होई आणि माझं काम सुरू होई. सकाळी जंतू उगवलेले दिसले, की ताई मला कौतुकाने थोपटत.

मग तशीच हवा आपोआप राखणारं गॅसचं नवं कपाट आलं. गरज सरो, वैद्य मरो! माझ्यात कापूस भरला गेला. पुढे कपाट बिघडलं, खोकल्याचे नमुने दुसरीकडे जाऊ लागले, तरी माझी आठवण कुणाला झाली नाही.

त्याच दिवसांत एक बाबा लघवीची बाटली घेऊन वारंवार येऊ लागले. त्यांची मुलगी घरभर गरगर फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आता ती तापाने अंथरुणाला खिळली होती. तिची एक किडनी जन्मापासून नाजूक होती आणि नेहमीच्या औषधाने ताप हटत नव्हता. ताई नमुना लघवीच्या ठरलेल्या प्लेटांवर लावत. प्लेटा कोऱ्या राहत. "वाढ नाही" असा अहवाल जाई. त्यात ताईंची कुचराई नव्हती. लघवीला तपकिरी प्लेट लावायची नाही, ही इथली जुनी रीत होती.

शेवटी बाबा काउंटरला धरून उभे राहिले. "ताई, काहीच नाही म्हणता, मग पोरगी तापाने का फणफणतेय?"

ताईंनी प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाईंनी थेंबभर लघवी काचपट्टीवर रंगवली, आणि भिंगाखाली धरून पाहिली. पू होता आणि बारीक, फिकट गुलाबी काड्यांसारखे जंतूही होते.

"इथे दिसतात आणि प्लेटवर उगवत नाहीत," बाई म्हणाल्या. "यांना आपलं खाद्य चालत नसेल. छातीतल्या जंतूंसारखे दिसतायत."

"पण लघवी आपण तपकिरी प्लेटवर कधीच लावत नाही," ताई म्हणाल्या.

"लावत नाही, म्हणून सापडत नाहीत."

ताईंनी माझ्यातला कापूस काढला. ताजी प्लेट तयार केली, मेणबत्ती पेटवली. मित्रांनो, इतक्या काळानंतर पोटात ऊब आली आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण मला भीतीच वाटत होती, याही वेळी प्लेट कोरी राहिली तर? ज्योत विझली, आणि मी वाट पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर दवाच्या थेंबांसारखे ठिपके होते. छातीतला जंतू वाट चुकून लघवीत उतरला होता. असं क्वचित होतं, पण होतं. कोणतं औषध त्याला लागू पडेल, तेही कळलं. ताप उतरला. तोवर त्या नाजूक किडनीला झालेली इजा मात्र तशीच राहिली.

आता मी फळीवर पुढे असते. ताई मला रोज पुसतात. लघवीत पू दिसला आणि प्लेट कोरी राहिली, तर मला खाली काढायचं, अशी नवी रीत पडली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात, मीही सांगते. पण त्याआधी एवढं ऐका: जिथे शोधलंच नाही, तिथे काही नाही असं म्हणू नका.

परवा भिंगरी तपासणीला आली होती. फळीखाली उभी राहून तिने एक गिरकी घेतली. दुसरी घेता घेता दमून थांबली आणि बाबांचा हात धरला. ताई तेव्हा मला पुसत होत्या. त्यांचा हात माझ्यावरच थांबला.