दसऱ्याला न्हालेला माउंट

मित्रांनो, मी दुर्बीण नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी तिच्या खालचा जुना माउंट, म्हणजे तिला अंगावर घेऊन फिरणारी मोटरवाली बैठक. रिमोटवर शनी निवडला की मी कुरकुरत शनीकडे वळतो आणि पृथ्वी फिरत असली तरी त्याला निसटू देत नाही. वाहवा मात्र दुर्बिणीची होते. होऊ दे बापडीची.

माझ्या पहिल्या मालकाने मला हौसेने घेतलं आणि विरारच्या फ्लॅटमध्ये तीन वर्षं पलंगाखाली ठेवलं. तिथून मला भुईगावच्या रेवाने आणलं. ती कॉलेजात शिकत होती, शिकवण्या घेऊन तिने पैसे साठवले होते. तेवढ्या पैशांत एक भलीमोठी नवी दुर्बीण आली असती, पण तिचे पाय वाऱ्याने डुगडुगायचे. नुसतं बघायला तेही चाललं असतं. रेवाला फोटो काढायचे होते, म्हणून तिने जुना पण दणकट असा मी निवडला आणि वर एक चिमुकली दुर्बीण बसवली.

तिचे आजोबा नरहरी वाडीत झेंडूला पाणी देत होते. मला बघून म्हणाले, “अगं, एवढे पैसे घालून नुसते पाय आणलेस? धड कुठाय?”

“पाय पक्के असले की धड छोटं चालतं, आजोबा.”

कामाला लागण्याआधी मला ध्रुवताऱ्याकडे तोंड करून उभं करावं लागतं. आमच्याकडे तो फार खाली, माडांच्या आड असतो. विहिरीजवळच्या दोन माडांमधून तो दिसतो, हे आजोबांनीच शोधून दिलं. मग हळूहळू ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “आमचा माउंट बघितलात का?”

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास संध्याकाळी समुद्रावर धूमकेतू दिसणार होता. आठवड्याभराचा पाहुणा, मग हजारो वर्षं फिरकणार नव्हता. रेवाला त्याचा फोटो हवा होता. महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी आजोबांनी कोयता, कुदळ, स्कूटर धुऊन पूजेला मांडली. मग मलाही अंगणात आणलं. माझी पूजा आजवर कुणी केली नव्हती. खोटं कशाला बोलू, मी सुखावलो. त्यांनी मला बादलीभर पाण्याने चोळून न्हाऊ घातलं, पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पाणी आत सर्किटपर्यंत गेलं होतं. मला बोलता येत नाही.

संध्याकाळी बाहेरून आलेल्या रेवाने मला वीज जोडली. चट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला.

“आजोबा, तुम्ही याला धुतलंत?”

“अगं, दसरा नाही का आज? स्कूटर धुतली, तिला कुठं काय झालं?”

रेवा खूप रडली. दोन दिवस ती आजोबांशी बोलली नाही आणि आजोबा नीट जेवले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी ती म्हणाली, “चला.” आम्ही तिघे किनाऱ्यावर गेलो. माझे स्क्रू सैल करून तिने मला हातानेच वळवलं. मोटरीशिवाय फोटोत पुसट ठिपका आला, शेपटी काही येईना. मग तिने आजोबांना दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

“दिसला गं, शेपटीसकट!” आजोबा म्हणाले. मग हळूच विचारलं, “मी घालवला ना तुझा फोटो?”

“हो, घालवलात. आता बघून तरी घ्या.”

पुढे विरारला दुरुस्तीची कामं करणाऱ्या प्रितेशने माझं सर्किट बदललं. तोवर धूमकेतू गेला होता.

यंदाच्या दसऱ्याला आजोबांनी मला पुन्हा कोयत्याशेजारी मांडलं. हातात कोरडं फडकं होतं, बादली लांब विहिरीपाशी.

“रेवा, याला पाणी चालतं का गं?”

“नाही, आजोबा.”

उत्तर त्यांना वर्षभर पाठ आहे. तरी मला हात लावण्याआधी दर वेळी विचारतात. मित्रांनो, माझी काळजी घ्या, असं मी म्हणणार नाही. घेण्याआधी तेवढं विचारा.