साडेआठ टक्के

पक्षाच्या कार्यालयात टाइप करणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. एकदा वहिनी म्हटलं की वाट्टेल ते काम सांगायला सगळे मोकळे! दर महिन्याला बेकारीचा आकडा जाहीर झाला की साहेबांच्या नावाने निवेदन काढायचं, हे त्यातलंच एक. नव्याने लिहायची भानगडच नव्हती. प्रवक्ता तिच्या खुर्चीमागे येऊन सांगायचा, "जुनी फाइल उघडा, तारीख बदला, आकडा बदला." खाली साहेबांची सही चिकटवलेली असायचीच.

दोन वर्षांपूर्वी साहेब विरोधात होते तेव्हा आकडा होता साडेआठ टक्के. 'सरकारला जनाची नाही, मनाची तरी लाज आहे का? बेकारभत्ता दुप्पट करा!' हे वहिनीनेच टाइप केलं होतं, आणि टाइप करताना तिचे डोळे भरून आले होते. त्याच महिन्यात तिचा नवरा कामाला होता तो कारखाना बंद पडला होता. कुणीतरी आपल्यासाठी भांडतंय, असं तिला वाटलं. खुळीच म्हणायची!

पुढे साहेबांचं सरकार आलं. कारखान्याचं कुलूप काही निघालं नाही. एकवीस वर्षं लेथवर घासलेल्या माणसाला जाईल तिथे 'वय झालं' म्हणून परत पाठवत. तरी तो रोज सकाळी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालायचा, अकरापर्यंत फोनची वाट बघायचा, मग शर्ट काढून नीट घडी करून ठेवायचा. वहिनीचा तुटपुंजा पगार आणि त्याचा भत्ता, यावर घर कसंबसं चाललं होतं.

या महिन्याचा आकडा आला. साडेआठ टक्के. तसूभरही इकडेतिकडे नाही.

प्रवक्ता हात चोळत आला. "झकास! लिहा. साडेआठ टक्क्यांवर थांबलेली बेकारी ही अर्थव्यवस्था सावरल्याची खूण आहे. भत्त्याने माणसं आळशी होतात. तो पुढच्या महिन्यापासून बंद होतोय, याचं मी स्वागत करतो."

वहिनीचे हात थांबले. "अहो, मागे हाच आकडा लाजिरवाणा होता ना?"

"तेव्हा तो त्यांचा होता," प्रवक्ता हसला. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इतकी वर्षं इथे काढलीत, एवढं कळत नाही? पाठवून द्या." आणि तो चहाला निघून गेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आळशी? तो माणूस आळशी? या मेल्यांनी एक दिवस तरी उभं राहून काम केलंय का? तिने दोन वर्षांपूर्वीची ती फाइल उघडली. तारीख बदलली. आकडा बदलायची गरज नव्हती. शब्दांना तिने हात लावला नाही, आणि निवेदन सगळ्या वर्तमानपत्रांना धाडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी: साहेबांचा स्वतःच्याच सरकारवर हल्ला, भत्ता दुप्पट करण्याची मागणी! कार्यालयाच्या फाटकाशी दोनशे बेकार माणसं साहेबांचा जयजयकार करत उभी. 'हे मी म्हणालोच नाही' असं म्हणायची सोय नव्हती, कारण विरोधकांनी जुनं निवेदन शोधून शेजारी ठेवलं होतं. शब्द तेच, सही तीच. दुपारपर्यंत भत्ता बंद करण्याचा निर्णय गुपचूप मागे घेतला गेला.

संध्याकाळी प्रवक्ता लालबुंद होऊन आला. "काय करून ठेवलंत हे?"

"तुम्हीच शिकवलंत. आकडा तोच होता, मग शब्द कशाला बदलू?"

"उद्यापासून यायचं नाही!" त्याने एक कागद पुढे सरकवला. "सही करा."

'घरगुती कारणामुळे मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे.'

"स्वखुशीने?"

"काढलं असं लिहिलं तर तुम्ही बेकारांत धरल्या जाल. आकडा वाढतो उगीच. स्वतःहून सोडलीत की गृहिणी."

वहिनीने तो कागद टराटरा फाडला. मग शेवटचं टाइप केलं: 'मला कामावरून काढलं आहे. मला काम हवं आहे.' दोन प्रती काढल्या. "एकीवर पोच द्या. का फाटकावरच्या लोकांसमोर मागू?"

त्याने दात खात शिक्का मारला.

सकाळी ती बेकारांच्या नोंदणीच्या रांगेत उभी राहिली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "स्वतःहून सोडली असेल?"

"नाही," तिने कागद आत सरकवला. "शिक्का बघा, आणि मोजा मला."