सुरकुत्या

चादरीची शेवटची सुरकुती तळहाताने सपाट करून व्हर्नाने चारही कोपरे टेबलाच्या फळीखाली घट्ट खोचले, आणि मग ती जागच्या जागी थिजली.

हा कम्युनिटी कॉलेजचा चित्रकलेचा वर्ग होता. त्या पांढऱ्या चादरीच्या वळ्या अकरा जण तीन आठवडे कोळशाने उतरवत होते. चादरीवरची किटली, बाटली आणि बोकडाची कवटी तिने एका ओळीत मांडली होती, कवटीवरची धूळसुद्धा पुसून. सकाळपासून मोटेलच्या सतरा खोल्या आवरून ती थेट इथे आली होती. हात आपले चालूच राहिले.

पर्समध्ये वर्गातून नाव काढून घेण्याचा अर्ज होता. मुदत आज पाचपर्यंत. सत्तावन्नाव्या वर्षी हे थेर झेपत नाहीत, हे तिने सकाळीच स्वतःला बजावलं होतं.

पहिली आली तमेका.

"मिस व्हर्ना! अहो, हे काय केलंत?"

"पलंग आवरला," व्हर्ना म्हणाली.

तमेका हसली नाही. शुक्रवारी तिला हेच चित्र मोठ्या विद्यापीठात प्रवेशासाठी पाठवायचं होतं, आणि ते अर्धंच झालं होतं. तिचे डोळे भरून आले. व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हळूहळू वर्ग भरला. प्रूइट सर टेबलाकडे बघतच राहिले.

"कुणाकडे फोटो आहे?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःच ओशाळले. वर्गात फोटो काढायचा नाही, हा दंडक त्यांचाच.

शेवटी बाकी सगळ्यांची चित्रं भिंतीशी लावली. एकाहून एक देखणी, पण दोघांच्या वळ्या जुळतील तर शपथ. व्हर्नाचं चित्र मात्र अजून तिच्या डुगडुगत्या ईझलवर, त्या लाकडी तिकाटण्यावरच होतं; सर फिरत फिरत तिथे थांबले. तिची कवटी बटाट्यासारखी झाली होती.

"वळी कुठून निघते आणि कशाखाली जाते, हे फक्त इथे कळतंय," ते म्हणाले. "तमेका, चादर धर."

दोघं व्हर्नाच्या चित्रात बघून चादर मांडू लागली. व्हर्ना पर्स काखोटीला मारून दाराशी उभी होती. थोडा वेळ तिने सोसलं.

"तसं नाही! आधी कोपऱ्यातली दुमड, मग वरून ही येऊ दे."

"अशी?"

"अगं, चादर आहे ती, साप नाही. सैल सोड."

"मग या ना इकडे! तिथून काय हुकूम सोडताय?"

व्हर्ना आली. पाय ठणकत होते. तिने चिमटीत कापड धरलं, झटकलं, सोडलं. तमेकाने आपल्या चित्राकडे पाहिलं, मग चादरीकडे, आणि कामाला लागली.

घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. कचेरी समोरच्याच इमारतीत होती. व्हर्नाने पर्समधून अर्ज काढला, त्याच्या चार घड्या घातल्या, ईझलच्या आखूड पायाखाली सरकवला आणि कोळसा उचलला.